पेट्रोल, डिझेल की सीएनजी? पिकअप घेण्याआधी करायचा हिशेब

ज्यांना कानाने ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हे या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जे "अं", "म्हणजे काय" येतं ते काढलंय, बाकी मजकूर तोच. आकडे मात्र इथे जास्त नीट दिलेत, कारण ऐकताना आकडे डोक्यातून निसटतात.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता: लहान मालवाहू गाडी घ्यायची आहे, छोटा हत्ती म्हणा, पिकअप म्हणा, तर इंजिन कोणतं घ्यायचं? मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बीटेक केलं, दिवसभर लॅपटॉपसमोर बसतो. पण माझं घर अकोल्याच्या जुने शहरात आहे. आमच्याकडे गल्लीत दर चार घरांमागे एक मालवाहू गाडी उभी दिसते. किराणा, डाळ, फर्निचर, पाण्याचे जार, लग्नाचं डेकोरेशन, सगळं त्यातूनच जातं. आणि गाडी घ्यायची वेळ आली की घरातला "कम्प्युटर शिकलेला" म्हणून हिशेब माझ्याकडे येतो.

या वेळी तो माझ्या मामेभावाकडून आला. दादा गेली सहा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवतो. आता स्वतःची घेणार, कर्जावर. डाऊनपेमेंटसाठी मामीच्या पाटल्या गहाण पडणार आहेत. म्हणून हा विषय आमच्या घरात नुसता गप्पांचा नाही. दादा मला सरळ म्हणाला, "मले तू इंजिन-बिंजिन नको सांगू. गाडीचा हप्ता गाडीतूनच निंगन का, एवढं सांग."

त्याच प्रश्नाचं उत्तर आज शोधू. पण इंजिन थोडं समजून घ्यावंच लागेल, दादा.

आधी एक गोंधळ मिटवू: "गॅस" म्हणजे काय?

यूट्यूबवर "गॅस की डिझेल ट्रक" असे शेकडो व्हिडिओ आहेत. बहुतेक अमेरिकेतले. तिथे "गॅस" म्हणजे गॅसोलीन, म्हणजे आपलं पेट्रोल. आपल्याकडे "गॅसवरची गाडी" म्हटलं की सीएनजी. त्यामुळे आपली पोरं तो व्हिडिओ बघून सीएनजीबद्दलचं मत बनवतात, आणि तो माणूस बोलत असतो पेट्रोलबद्दल.

दुसरी अडचण त्याहून मोठी. अमेरिकेत पंपावर डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असतं. आपल्याकडे उलट. म्हणजे तिकडचा निष्कर्ष इकडे चालणारच नाही. तिथले पिकअप घरगुती वापराचे, बोट ओढायला, कॅम्पिंगला. आपली गाडी सकाळी सातला बाजारात उभी राहते ती पोट भरायला. म्हणून अमेरिकन व्हिडिओ करमणुकीसाठी बघा, हिशेबासाठी नको.

"डिझेलच घे" हे आलं कुठून?

घरातल्या कोणत्याही मोठ्या माणसाला विचारा. काका, मामा, मिस्त्री, सगळे एकच सांगतील: माल वाहायचा तर डिझेलच घे. ही माणसं चुकीची नाहीत. त्यांच्या काळात ते शंभर टक्के खरं होतं.

पेट्रोलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठलं. डिझेलचं उठलं ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत पेट्रोल बाजारभावाने वाढत गेलं आणि डिझेल सरकारने धरून ठेवलं. २०१२ मध्ये दोघांच्या दरात लिटरमागे ३० रुपयांपर्यंत फरक पडला होता. म्हणजे डिझेल जवळजवळ निम्म्या किमतीला. त्यात डिझेल गाडीचं ॲव्हरेजही जास्त. मग पेट्रोल घेणार कोण?

आणि गाड्याही तशाच आल्या होत्या. टाटा एस, आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये आला तो ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं, १६ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन घेऊन. लहान मालवाहू म्हणजे डिझेल, हे समीकरण तेव्हापासून पक्कं झालं.

नंतर दोन गोष्टी बदलल्या. दरातला फरक कमी होऊन आता साधारण १२-१५ रुपयांवर आला. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलचा धूर स्वच्छ करायला महागडी यंत्रणा लावावी लागली, त्यामुळे डिझेल गाड्यांची किंमत पेट्रोलपेक्षा जास्त चढली. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये डिझेलमध्ये आली होती. बीएस-६ आल्यावर तिचं डिझेल बंद झालं, आता ती पेट्रोल आणि सीएनजीतच मिळते. छोट्या हत्तीतही पेट्रोल आणि सीएनजी आले. मोठ्या पिकअपमध्ये, म्हणजे बोलेरो पिकअप किंवा इंट्रा व्ही-३० सारख्यांत, डिझेल टिकून आहे. हे असं का झालं ते पुढे कळेल.

इंजिन पाच मिनिटांत

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र करून दाबतात, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि मिश्रण पेटतं. दाब फार देता येत नाही, नाहीतर ठिणगीच्या आधीच पेटून इंजिन "नॉक" करतं. साधारण दहाएक पट दाबतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. आधी नुसती हवा दाबतात, सोळा ते अठरा पट. इतकी दाबली की हवा प्रचंड तापते. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचं टोक हाताला गरम लागतं, तेच हे, पण कितीतरी जास्त. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं.

जास्त दाब म्हणजे त्याच इंधनातून जास्त काम. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के ऊर्जा जास्त असते. म्हणून डिझेलचं ॲव्हरेज जास्त येतं. यात जादू काही नाही.

तिसरा फायदा टॉर्क. टॉर्क म्हणजे चाक फिरवायची ताकद. विहिरीचा रहाट ओढताना लागतो तो जोर टॉर्क, आणि तो किती भराभर फिरवता त्यावरून पॉवर. डिझेलला कमी आरपीएमवर जास्त टॉर्क मिळतो. म्हणजे भरलेली गाडी चढावर उभी राहिली तरी पुन्हा शांतपणे उठते. पेट्रोलला तेच करायला इंजिन किंचाळवावं लागतं आणि क्लच भाजतो.

आकड्यात बघा. सुपर कॅरी पेट्रोलवर १०४ न्यूटन मीटर टॉर्क देते, सीएनजीवर ९५. इंट्रा व्ही-३० चं दीड लिटर डिझेल १४० देतं. बोलेरो पिकअपचं अडीच लिटर डिझेल २०० च्या आसपास. या गाड्या एकाच वजनाच्या नाहीत, त्यामुळे ही सरळ तुलना नाही. पण सव्वा-दीड टन माल घेऊन पातूरचा घाट चढायचा, किंवा अकोटकडून मेळघाटात शिरायचं, तर डिझेल का लागतं ते यातून दिसतं. म्हणूनच मोठ्या पिकअपमध्ये डिझेल टिकलं.

आता उलट बघा. अकोला ते मूर्तिजापूर ते अमरावती रस्ता सपाट. जून २०२२ मध्ये याच अकोला-अमरावती महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. अशा रस्त्यावर सातशे-आठशे किलो माल असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनही कुरकुर करत नाही. म्हणजे पहिला प्रश्न "किती वजन आणि किती चढ" हा. "कोणतं इंजिन भारी" हा प्रश्नच नाही.

जुन्या शहरात डिझेलला काय त्रास होतो?

हा भाग शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर बहुतेक गाड्यांत डीपीएफ नावाची चाळणी असते. डिझेलची काजळी त्यात अडकते, म्हणून बाहेर काळा धूर येत नाही. पण चुलीच्या धुराड्यात काजळी साठते तशी ती चाळणीतही साठते. ती जाळून टाकण्यासाठी गाडी मधून मधून चाळणीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते.

आता जुने शहर डोळ्यासमोर आणा. जयहिंद चौक, हरिहर पेठ, दगडी पुलावरून मोर्णा ओलांडून बाजारात, परत डाबकी रोड. पाचशे मीटर चाललो की उभे. इंजिन चालू ठेवून माल उतरवणे. पुन्हा पहिल्या-दुसऱ्या गियरवर. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावडी राजराजेश्वराकडे निघतात तेव्हा तर तेवढंही नाही. अशा चालवण्यात चाळणी तापतच नाही. काजळी साठत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, कोणी लक्ष देत नाही, मग गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी वर्कशॉप.

माझ्या ओळखीत एकाची गाडी अशी दोनदा उभी राहिली. तो फक्त शहरातल्या शहरात पाण्याचे जार टाकायचा. डिझेल गाडी वाईट नव्हती, त्या कामाला चुकीची होती. तुम्ही डिझेल घेतलंच आणि तो दिवा लागला, तर मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे गाडी महामार्गावर काढा आणि सलग चालवा. बाळापूरपर्यंत जाऊन या. दिवा लागलेला असताना "बघू नंतर" करू नका.

काही डिझेल गाड्यांत याशिवाय डीईएफ लागतं, ज्याला ड्रायव्हर लोक "युरिया" म्हणतात. ते वेगळ्या टाकीत भरायचं असतं आणि त्याचा खर्च वेगळा. घेताना विचारा: या मॉडेलला युरिया लागतं का?

सीएनजी: स्वस्त, पण कुठे?

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. सुमारे २०० बार दाबाने सिलिंडरमध्ये भरतात. तो किलोवर विकतात, लिटरवर नाही, म्हणून "एका किलोला किती चालते" याची पेट्रोलच्या लिटरशी थेट तुलना करू नका. तुलना करायची ती एका किलोमीटरला किती रुपये, एवढीच.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, दर. सीएनजीचा दर प्रत्येक शहरात वेगळा असतो. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्राने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, तेव्हा मुंबईत तो ६० रुपये किलोच्या आसपास आला. आणि त्याआधी महिनाभर, मार्च २०२२ मध्ये, नागपुरात सीएनजी १२० रुपये किलो होता. एकच राज्य, दुप्पट फरक. पाइपलाइन किती जवळ, गॅस कुठून आणि कसा येतो, त्यावर हे ठरतं. म्हणून पुण्यातल्या मित्राचा "माझं तर अर्ध्या खर्चात होतं" हा अनुभव वऱ्हाडात जसाच्या तसा आणू नका.

दुसरी, वजन. सिलिंडर जड असतात, ते गाडीच्या पोटाखाली बसतात आणि तेवढा माल कमी होतो. सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो माल घेते, सीएनजीची ६२५ किलो. फरक ११५ किलो, म्हणजे पन्नास किलोचे दोन कट्टे आणि वर थोडं. डाळ-तांदूळ वाहणाऱ्याला हे जाणवतं. थर्माकोल, गाद्या, पॅकिंगचे खोके वाहणाऱ्याला अजिबात नाही, त्याची गाडी वजनाआधी जागेनेच भरते.

तिसरी, ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो हे मी सांगायला नको. गॅस गरम असला की तोच दाब दाखवूनही सिलिंडरमध्ये कमी किलो बसतात. पैसे किलोचेच घेतात, त्यामुळे तुम्ही फसत नाही, पण एका भरण्यात गाडी कमी पळते. "उन्हाळ्यात ॲव्हरेज पडतं" असं जे म्हणतात, त्यात बराच भाग हा असतो.

आणि सुरक्षेचं एक: सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करून घ्यायची असते. शक्यतो कंपनीतून आलेली सीएनजी गाडीच घ्या. घरगुती गॅसचं सिलिंडर गाडीला जोडणं हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे, त्यावर चर्चाच नको.

आता हप्त्याचा हिशेब

इथून पुढे कॅल्क्युलेटर उघडा. मी खाली जे आकडे घेतलेत ते दादासाठी गृहीत धरलेले आहेत. तुमच्या पंपाचा दर आणि तुमच्या शोरूमचं कोटेशन टाकून तुमचं उत्तर काढा. शोरूमची किंमत ताजीच घ्या, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, जुन्या व्हिडिओतल्या किमती आता लागू नाहीत.

दर: पेट्रोल १०४, डिझेल ९१, सीएनजी ९० रुपये.
भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज: पेट्रोल १३, डिझेल १६, सीएनजी किलोला १८.

एका किलोमीटरचा इंधन खर्च असा येतो:

पेट्रोल ८ रुपये.
डिझेल ५ रुपये ६९ पैसे.
सीएनजी ५ रुपये.

पेट्रोलच्या तुलनेत डिझेलचा देखभाल खर्च किलोमीटरला ४० पैसे जास्त धरला, सीएनजीचा २० पैसे. म्हणजे पेट्रोलपेक्षा निव्वळ बचत: डिझेलमध्ये सुमारे १ रुपया ९० पैसे, सीएनजीत २ रुपये ८० पैसे, प्रत्येक किलोमीटरला.

आता दुसरी बाजू. तेवढ्याच मालाची डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा १ लाख १० हजारांनी महाग धरली, सीएनजी ७५ हजारांनी. हा वरचा पैसा खिशातून नाही, कर्जातून येणार. ११ टक्के व्याज, ४८ हप्ते. तर डिझेलचा हप्ता पेट्रोलपेक्षा महिन्याला २,८४० रुपयांनी जास्त बसतो, सीएनजीचा १,९४० रुपयांनी.

बस, आता एक भागाकार. २,८४० भागिले १.९० म्हणजे सुमारे १,५००. महिन्याला दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त गाडी चालणार असेल तरच डिझेल आपला वाढीव हप्ता स्वतः भरते. सीएनजीचा तोच आकडा सुमारे ७०० किलोमीटर.

मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर डिझेल म्हणजे वर्षभराचा रिचार्ज. एकदम पैसे जास्त, पण रोज भरपूर वापरलं तर स्वस्त. पेट्रोल म्हणजे लागेल तेव्हा छोटा पॅक. डेटा वापरतच नसाल तर वर्षभराचा पॅक मारून काय उपयोग?

दादाची वही

दादाला मी एक महिना वही ठेवायला लावली. सकाळचं मीटर, रात्रीचं मीटर, माल काय, वजन अंदाजे किती. पहिले दोन दिवस तो वैतागला, मग त्यालाच मजा यायला लागली.

महिना संपला. २६ दिवस गाडी चालली, एकूण १,४२० किलोमीटर. दिवसाला सरासरी ५५. दादा म्हणाला, "पाय, दीड हजाराच्या जवळच हाय. डिझेल घेऊन टाकू."

मी वही पुन्हा बघितली. त्या २६ पैकी चार दिवस लांबची भाडी होती, वाशीमच्या पुढची, नांदेडकडची. त्या चार दिवसांतच ६४० किलोमीटर झाले होते. उरलेल्या २२ दिवसांत ७८०. म्हणजे नेहमीचा दिवस ५५ चा नव्हताच, तो ३५ चा होता. आमच्या कामात हा धडा रोजचा आहे: सर्व्हर सरासरीने झकास चालतो, आणि तरी लोक तक्रार करतात, कारण सरासरीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

मग मी दादाला एकच विचारलं, ही चार लांबची भाडी दर महिन्याला येतात का? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सीझनले येतात. दिवाळीच्या आगंमागं. सोयाबीन निंगते तवा. बाकी टाइम भरोसा नाई." करार काही नाही, तोंडी शब्द.

म्हणून हिशेब दोनदा मांडला.

लांबची भाडी मिळाली तर, १,४२० किलोमीटर: डिझेल इंधनात २,७०० वाचवते, वाढीव हप्ता २,८४०. महिन्याला १४० रुपये कमी. म्हणजे जवळपास बरोबरीत.

नाही मिळाली तर, ७८० किलोमीटर: डिझेल १,४८० वाचवते, वाढीव हप्ता तोच २,८४०. महिन्याला १,३६० रुपये खिशातून. वर रोजची ३५ किलोमीटरची गल्लीतली चाल, म्हणजे त्या चाळणीचा त्रास वेगळा.

सीएनजीचं काय? ७८० किलोमीटरला बचत २,१८०, वाढीव हप्ता १,९४०. महिन्याला २४० हातात. लांबची भाडी आली, तर तिथला निम्मा प्रवास पेट्रोलवर करावा लागेल असं धरलं, तरी १,१०० च्या वर सुटतात.

डिझेलच्या बाजूनेही बोलायला हवं. चार वर्षांनी हप्ते संपले की इंधनातली सगळी बचत मालकाची. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार आणि रोज शंभर किलोमीटर धावणार असाल, तर महिन्याला २,५०० किलोमीटर होतात, आणि डिझेल पहिल्या महिन्यापासून १,९०० रुपये जास्त कमावते. दादाचा एक मित्र रोज रिसोडपर्यंत भाजी नेतो. त्याला मी न कचरता डिझेल सांगितलं.

रांगेचा पैसा

सीएनजीच्या त्या २४० रुपयांवर फार खुश होऊ नका. गावातलं एक भाडं चारशे रुपयांचं धरा. पंपावरच्या रांगेपायी महिन्यात एक भाडं जरी हुकलं, तरी २४० गेले आणि वर १६० चा खड्डा.

म्हणून दादाने चार सकाळी पंपावर जाऊन वेळ मोजला: २५ मिनिटं, ४० मिनिटं, १५ मिनिटं, ३५ मिनिटं. मग एकदा रात्री साडेनऊला गेला, दहा मिनिटांत काम झालं. त्याच्या घरी परतायच्या वाटेवरच पंप आहे, त्यामुळे रात्री भरायचं ठरलं. तुमचा पंप दहा किलोमीटर आडवाटेला असेल, तर हा सगळा हिशेब उलटतो आणि साधं पेट्रोल बरं पडतं. हे घरी बसून कळत नाही, जाऊन उभं राहावं लागतं.

पेट्रोलवाल्यांसाठी: ई-२०

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्क्यांचा एक-तृतीयांश म्हणजे सहा-सात टक्के. एवढीच ऊर्जा लिटरमागे कमी. ई-२० साठी ट्यून केलेल्या इंजिनात यातलं काही भरून निघतं. पण ॲव्हरेजचा आकडा धरताना थोडा कमीच धरा. आणि जुनी पेट्रोल गाडी घेत असाल, तर ती ई-२० ला चालते का, हे मॅन्युअलमध्ये बघा.

तीन अफवा

"डिझेल गाडी दहा वर्षांत भंगारात जाते." हा नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागाचा. अकोल्याला तो लागू नाही. इथे मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस, म्हणजे पासिंग, करावं लागतं. पेट्रोल असो की डिझेल.

"परमिटची भानगड असते." एकूण भरलेलं वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यात परमिट लागत नाही. छोटा हत्ती, सुपर कॅरी यात बसतात. मोठ्या पिकअपचं आरसीवरचं वजन बघून घ्या. लायसनचंही तसंच: साधं एलएमव्ही लायसन असेल तर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

"डिझेल ओव्हरलोड झेलते." इंजिन झेलेल. ब्रेक, पाटे आणि टायर झेलणार नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००. सात हप्ते वाचवून जमवलेलं एका नाक्यावर जातं.

तुम्ही काय करायचं?

एक महिना वही ठेवा. गाडी स्वतःची नसेल तर ज्याची चालवता तिचीच ठेवा.

एकूण किलोमीटर बघा, मग त्यातले खात्रीचे किती आणि नशिबाचे किती ते वेगळे करा. हप्ता खात्रीच्या किलोमीटरवर ठरवा. बँक सीझन बघत नाही.

ॲव्हरेज शोरूमच्या कागदावरून घेऊ नका. तीच गाडी चालवणाऱ्या दोघांना विचारा, किंवा टाकी फुल्ल करून चालवा, पुन्हा फुल्ल करा, आणि भागाकार करा. रिकामी परत येण्याचे किलोमीटरही त्यात धरा, कारण त्याचं भाडं कोणी देत नाही पण इंधन जळतं.

महिन्याला दीड हजारापेक्षा जास्त, जड माल, घाट: डिझेल. शहरात फिरणं, हलका-मध्यम माल, वाटेवर सीएनजी पंप: सीएनजी, आणि सोबत पेट्रोलची छोटी टाकी असलेली. कमी फिरणं आणि पंप लांब: साधं पेट्रोल. विजेवर चालणारे छोटे हत्तीही आलेत, त्यांचा हिशेब वेगळा आहे, चार्जिंगसकट त्यावर एक पूर्ण एपिसोड करू.

दादाने सीएनजीची बुक केली आहे. सीझनच्या लांबच्या भाड्यांना तो त्या रिसोडवाल्या मित्राची डिझेल गाडी भाड्याने घेणार, आणि मित्राच्या शहरातल्या फेऱ्या दादा मारणार. ही आयडिया माझी नव्हे, त्याचीच. मामीला मात्र त्याने एका वाक्यात सांगितलं, "हप्ता निंगते. पाटल्या दोन वर्सात सोडवून आणतो."

तुमची वही झाली की महिन्याचे किलोमीटर, माल आणि तुमच्या पंपाचा दर मेसेजमध्ये पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले तीन हिशेब आपण मिळून सोडवू. तोवर गाडी सावकाश चालवा, मंडळी. भेटू.